जुना प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर उघडत नाही, आणि पंधरा वर्षांच्या नोंदी त्यात आहेत

प्रश्न थोडक्यात: दुष्काळी पट्ट्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेतल्या ताईंचं हे पत्र. ३४ गावांतल्या विहिरींच्या पाण्याची पातळी त्या २०१० पासून नोंदवतात. तेव्हा संस्थेत येणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने त्यांना उबुंटू १०.०४ या लिनक्स प्रणालीवर चालणारा एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. गावांची नावं, तारीख, पातळी भरायची आणि आलेख छापायचा. तो मुलगा आता परदेशात आहे आणि मूळ सोर्स कोड त्याच्याकडेही नाही. संस्थेला नवा लॅपटॉप मिळाला, त्यावर उबुंटू २४.०४ आहे. प्रोग्रॅमची फाइल समोर दिसते, पण चालवली की संगणक म्हणतो ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. भाच्याने एका लायब्ररीच्या (प्रोग्रॅम उसनं वापरतो त्या तयार कोडच्या फाइलच्या) जुन्या नावाची लिंक करून ते नवीकडे वळवून पाहिलं, वेगळीच तक्रार आली. आता तो म्हणतो, जुन्या उबुंटूचं भांडार, म्हणजे प्रोग्रॅम आणि लायब्ररी जिथून उतरवून घेतात ती जागा, नव्या लॅपटॉपला जोडू, सगळं येईल. सहकारी म्हणतात, सोडून द्या, एक्सेल घ्या. ताई विचारतात: भाच्याला हो म्हणू का? की जुना संगणकच चालवत राहू? त्याची हार्डडिस्क हल्ली टकटक आवाज करते.

ताई,

हार्डडिस्कची टकटक तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिली आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार. बाकी सगळ्या गोष्टींना महिनाभर उशीर झाला तरी चालेल, हिला नाही.

तो जुना संगणक आज बंद ठेवा. ‘एकदा चालू करून बघू’ असंही नको. पुढच्या वेळी तो चालू होईल तेव्हा हातात पेनड्राइव्ह असू द्या आणि सगळ्यात आधी नोंदींचा फोल्डर त्यावर उतरवून घ्या. ३४ गावांचे पंधरा वर्षांचे आकडे काही फार जागा घेत नाहीत, पाच मिनिटांचं काम आहे. ते झालं की मग संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा काढायची. त्यासाठी पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स सुरू करून डीडी-रेस्क्यू नावाचं साधन वापरतात. ते आधी डिस्कचा धडधाकट भाग वाचून घेतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं, त्यामुळे दुखऱ्या भागावर डोकं आपटत डिस्क मरत नाही. प्रतिमा बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. संगणक सुरूच झाला नाही किंवा आवाज वाढला, तर तिथेच थांबा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे डिस्क न्या.

आता लॅपटॉपकडे येऊ.

‘नो सच फाइल’ हा निरोप वाचून तुमच्या भाच्याला वाटलं की फाइल कॉपी करताना बिघडली. कुणालाही तसंच वाटेल, कारण फाइल डोळ्यांसमोर आहे आणि संगणक नाही म्हणतोय. पण तो ज्या फाइलबद्दल बोलतोय ती तुमची नव्हेच. अशा बहुतेक प्रोग्रॅमच्या पोटात एक नाव लिहिलेलं असतं: मला मेमरीत चढवणारा कोण. तुमचा प्रोग्रॅम ३२ बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला असणार, त्या काळी बहुतेक जण तेच उबुंटू टाकत. ३२ बिट प्रोग्रॅमला चढवणाऱ्याचं नाव ‘एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट २’. तुमच्या नव्या लॅपटॉपवर सुरुवातीला फक्त ६४ बिटचा संसार होता, तिथे हा गडी नव्हता. संगणक म्हणत होता तो सापडत नाही.

खात्री करायची तर टर्मिनलमध्ये ‘फाइल’ ही आज्ञा देऊन पुढे प्रोग्रॅमचं नाव लिहा. उत्तरात ‘३२-बिट’ आलं की निदान पक्कं. इथे आणखी एक फसवी जागा आहे. लायब्ररींची यादी दाखवणारी ‘एल-डी-डी’ ही आज्ञा अशा वेळी ‘नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल’ म्हणते, म्हणजे याला कुठलीच लायब्ररी लागत नाही असा अर्थ निघतो. तो चुकीचा आहे. चढवणाराच नसल्यामुळे तिला यादी काढता आलेली नसते. ३२ बिटची मूळ सी लायब्ररी बसवली की (चढवणारा तिच्याबरोबरच येतो) तीच आज्ञा खरी यादी देते. तुमच्या बाबतीत त्या यादीत खिडक्या-बटणं काढणाऱ्या क्यूटी ४ च्या दोन-तीन लायब्ररी आणि पीएनजी चित्रं हाताळणारी लिब-पीएनजी १२ यांच्यासमोर ‘नॉट फाउंड’ दिसेल असा माझा अंदाज आहे. २०१० च्या सुमाराला खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम असेच बनत.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘चांगलं चाललेलं या लोकांनी मुद्दाम का काढून टाकलं?’ हा राग मला समजतो. थोडं त्यांच्या बाजूनेही सांगतो. क्यूटी ४ ला मूळ निर्मात्यांचा आधार २०१५ च्या डिसेंबरमध्ये संपला. तरीही उबुंटूने ती पुढे काही वर्षं सांभाळली आणि २०२० च्या आवृत्तीतून काढली. सांभाळणं म्हणजे नुसतं फाइल ठेवणं नसतं. सुरक्षेचं भगदाड सापडलं की ते बुजवणारा माणूस लागतो. ३२ बिटचं तर जून २०१९ मध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने जाहीरच केलं होतं की पुढच्या आवृत्तीपासून हे सगळं बंद. मग जुने गेम आणि वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) वापरणाऱ्यांनी एवढा आवाज उठवला की त्यांना निवडक ३२ बिट पॅकेजेस ठेवावी लागली. आज तुम्हाला ३२ बिटची सी लायब्ररी सरळ मिळते, ती त्याच माघारीमुळे. पण त्या निवडक यादीत क्यूटी ४ नाही.

भाच्याने केलेल्या लिंकबद्दल. त्याने ३२ बिटची सी लायब्ररी बसवून नव्या लिब-पीएनजी १६ ला ‘लिब-पीएनजी १२’ असं नाव दिलं आणि उत्तर आलं ‘व्हर्जन पीएनजी-१२-०, नॉट फाउंड’. चांगलं झालं की आलं. लायब्ररीच्या नावातला आकडा हा वचनासारखा असतो: हा आकडा आहे तोवर आतल्या गोष्टींची मांडणी बदलणार नाही. आकडा बदलला म्हणजे मांडणी बदलली. पाटी बदलून आतला माणूस बदलत नाही. लिब-पीएनजीने निदान ओळखपत्र मागितलं. काही लायब्ररी मागत नाहीत, प्रोग्रॅम उघडतो, चालल्यासारखा दिसतो आणि कुठेतरी चुकीच्या जागचा आकडा उचलतो. तुमच्या कामात मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. बंद पडलेला प्रोग्रॅम निदान कळतो. एका विहिरीची पातळी दोन मीटरने चुकीची छापली गेली, तर ते ग्रामसभेत कुणाच्या लक्षात येईल? ती लिंक भाच्याला काढून टाकायला सांगा, आजच.

आणि जुनं भांडार नव्या लॅपटॉपला जोडायचं? नाही, ताई. इथे मी ठाम आहे.

एकाच लायब्ररीच्या ३२ आणि ६४ बिटच्या प्रती शेजारी नांदायच्या असतील, तर दोन्हींची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. जुन्या भांडारातून क्यूटी ४ आणायला गेलात की ती आपल्याबरोबर जुनी पिलावळ मागते, ती लॅपटॉपवरच्या नव्या प्रतींशी भांडते आणि पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम मग एक लांबलचक यादी दाखवतो: हे हे काढून टाकू का? त्या यादीत कधी कधी अख्खा डेस्कटॉप असतो. घाईत माणूस ‘वाय’ दाबतो. तसा प्रश्न आला तर यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि ‘एन’ दाबायचं.

हे मी अनुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छापखान्यातल्या संगणकावर एक जुना प्रोग्रॅम चालवून द्यायचा म्हणून मी मूळ सी लायब्ररीच्या जागी तिची जुनी प्रत ठेवली. पुढची आज्ञा दिली, फक्त फोल्डरमधल्या फाइली दाखवणारी. चालली नाही. कॉपीची आज्ञा चालली नाही. चूक सुधारण्यासाठी जो अधिकार मागायचा, त्याचीही आज्ञा चालली नाही. कारण जवळजवळ प्रत्येक आज्ञा त्याच एका लायब्ररीवर उभी असते. दिवाळी अंकाची पानं त्या संगणकात होती आणि मालक शेजारी उभे होते. रात्रभर बसून पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून लायब्ररी परत जागेवर ठेवली. पानं वाचली. पण त्या रात्रीपासून मी एक गोष्ट पाळतो, जुन्या प्रोग्रॅमसाठी नव्या घराच्या भिंती फोडायच्या नाहीत. त्याला त्याच्या काळातली एक वेगळी खोली बांधून द्यायची.

ही खोली बांधणं आता अवघड राहिलेलं नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एक नियम फार काटेकोरपणे पाळतो: आपण बदलल्यामुळे वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम मोडता कामा नयेत. जुनं होतं ते गाभ्याभोवतीचं लायब्ररींचं कवच. त्यामुळे आजच्या गाभ्यावर जुनं कवच अलगद ठेवता येतं. यालाच कंटेनर म्हणतात, आणि तुमच्यासारख्या कामाला डिस्ट्रोबॉक्स हे साधन मला सगळ्यात सोयीचं वाटतं. ते आणि त्याच्या खाली लागणारा पॉडमॅन, दोन्ही तुमच्या २४.०४ च्या स्वतःच्या भांडारात आहेत.

खोली कुठल्या काळातली? भाचा म्हणेल १०.०४, कारण प्रोग्रॅम तिथे जन्मला. त्याची गरज नाही. लायब्ररींची जुनी वचनं पुढच्या आवृत्त्या पाळतात, उलटं होत नाही. म्हणून प्रोग्रॅमला हव्या त्या सगळ्या लायब्ररी जिथे आहेत, अशी शक्य तितकी अलीकडची आवृत्ती घ्यायची. १८.०४ मध्ये क्यूटी ४ आहे, पण लिब-पीएनजी १२ गेली. १६.०४ मध्ये दोन्ही आहेत. तुमची खोली १६.०४ ची.

भाच्याला एवढं सांगा. १६.०४ ची तयार कंटेनर-प्रतिमा (डिस्कची प्रतिमा नव्हे) घेऊन डिस्ट्रोबॉक्समध्ये नवी पेटी, म्हणजे आपली खोली, करायची आणि करतानाच तिला वेगळा होम फोल्डर द्यायचा. एरवी ही पेटी तुमच्या रोजच्या फोल्डरलाच जोडलेली राहते. डिस्ट्रोबॉक्स सोयीसाठी आहे, तटबंदी म्हणून नाही, हे विसरू नका. आत शिरल्यावर ३२ बिटची सोय चालू करायची, मग क्यूटी ४ आणि लिब-पीएनजी १२ यांची ३२ बिट पॅकेजेस बसवायची. इथे त्याने कितीही जुनं बसवलं तरी लॅपटॉपच्या लायब्ररींना धक्का लागत नाही. बिघडलं तर पेटी टाकून दुसरी करायची. मग प्रोग्रॅम आणि नोंदींची एक प्रत आत ठेवायची. मूळ नोंदी नव्हे, प्रत.

प्रोग्रॅम उघडला तरी दोन अडचणी येऊ शकतात, त्या आधीच सांगून ठेवतो. खिडकी उघडते, पण गावांची यादी रिकामी. नोंदी गेल्या असं वाटून पोटात गोळा येईल. येऊ देऊ नका. काही लायब्ररी प्रोग्रॅम चालू झाल्यावर गुपचूप मागवल्या जातात आणि एल-डी-डीच्या यादीत दिसतच नाहीत. क्यूटीचा डेटाबेस वाचणारा जोड हा त्यातलाच. क्यूटी ४ चा एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) जोड ३२ बिटमध्ये बसवून पुन्हा पाहा. दुसरी अडचण आपल्या लिपीची. गावांच्या नावांच्या जागी चौकोन दिसले, तर पेटीत देवनागरी फॉन्ट नाही, लोहित बसवा. प्रश्नचिन्हं दिसली, तर फॉन्टचा दोष नाही. पेटीची भाषा-मांडणी यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत) नाही, ती तशी करून घ्या. आणि ती करेपर्यंत चुकूनही ‘सेव्ह’ दाबू नका, नाहीतर प्रश्नचिन्हंच जतन होतील आणि ३४ गावांची नावं जातील.

एवढं झाल्यावर तुमचं काम आहे, भाच्याचं नाही. जुने छापील अहवाल काढा. एखाद्या ओल्या वर्षाचा एक, २०१५-१६ च्या दुष्काळातला एक. तेच आलेख, त्याच सरासऱ्या नव्या लॅपटॉपवरच्या पेटीतून काढा आणि कागद शेजारी ठेवून आकड्याशी आकडा जुळवा. प्रोग्रॅम उघडला म्हणजे झालं, असं तुमच्या पत्रात गृहीत धरलेलं दिसतं. माझ्या लेखी तो या तपासणीनंतर चालू झाला. फाइल तीच असल्यामुळे आकडे जुळायला हवेत. पुढे कुणी हा प्रोग्रॅम नव्याने ६४ बिटसाठी बांधून दिला, तर शेवटच्या दशांशात फरक पडू शकतो, कारण जुना ३२ बिट हिशोब बऱ्याचदा ८० बिटच्या लांबीने मधले आकडे धरायचा आणि नवा ६४ ने धरतो. मीटरच्या दुसऱ्या दशांशात तो क्वचितच दिसेल. दिसला तर घाबरू नका, पण वहीत लिहून ठेवा.

पेटी जमलीच नाही, तर सुरुवातीला काढलेली डिस्कची प्रतिमा आहे. ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चढवली की तुमचा जुना संगणक लॅपटॉपवर एका खिडकीत जसाच्या तसा उभा राहतो, त्याच भिंतीचित्रासकट. जड आहे, सावकाश चालतो, पण सगळ्यात विश्वासू मार्ग आहे. त्याचं नेटवर्क मात्र बंद ठेवा. जुन्या उबुंटूवरून इंटरनेट वापरणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून गावाला जाणं.

आता खरा प्रश्न, आणि यात मला तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं अर्धं पटतं. तुम्हाला प्रोग्रॅम हवा आहे की नोंदी?

पत्रात तुम्ही दोन्ही एकच मानल्या आहेत. प्रोग्रॅमशिवाय फाइल उघडणार नाही, असं तुम्हाला वाटतं. ते तपासून तर पाहा. त्या नोंदींच्या फाइलवर पुन्हा तीच ‘फाइल’ आज्ञा चालवा. ‘एसक्यूलाइट’ असं उत्तर आलं, तर तुमच्या पंधरा वर्षांच्या नोंदी कुठल्याही नव्या संगणकावर, त्या प्रोग्रॅमशिवाय, आज दुपारी उघडतील. क्यूटीत लिहिलेले कितीतरी छोटे प्रोग्रॅम हेच करत. फाइलचे पहिले काही बाइट्स ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ असं साध्या अक्षरांत सांगतात. असं निघालं, तर ‘डीबी ब्राउझर’सारख्या साधनाने प्रत्येक तक्ता सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेललाही उघडता येणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, काढा. काही वेगळंच निघालं, तरी त्या प्रोग्रॅममध्ये छापायची किंवा निर्यातीची सोय असेलच. पेटी बांधायची ती त्यासाठी, सगळ्या नोंदी एकदा बाहेर काढण्यासाठी.

त्या मुलाला पुन्हा त्रास द्यायला नको, असं तुम्ही लिहिलंय. एकदा द्या. त्याच्याकडे सोर्स कोड मागितलात, तो नव्हता, त्याने नाही म्हटलं, विषय संपला. आता दुसरा प्रश्न विचारा: नोंदी कुठल्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवल्या होत्यास, आणि पातळी जमिनीपासून मोजलेली की कठड्यापासून? त्याचं दोन ओळींचं उत्तर कित्येक दिवसांचं काम वाचवेल. मला तरी वाटतं, कॉलेजात असताना लिहिलेलं काहीतरी गावांच्या अजून उपयोगी पडतंय, हे कळल्यावर त्याला आनंदच होईल.

प्रोग्रॅम मग सोडायचा का? लगेच नको. सवयीचं आहे, आलेख लोकांच्या ओळखीचा आहे. दोन-तीन वर्षं पेटीत चालू द्या. कायमचा मात्र समजू नका. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजणाऱ्या प्रोग्रॅमची मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते आणि पुढची तारीख भलतीच येते. तेवढ्या वेळात सीएसव्हीवर चालणारा नवा तक्ता नक्की बसवता येईल.

अशीच अडचण घेऊन आणखीही पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी थोडंसं. तुमच्याकडे सोर्स कोड असेल, तर पेटीच्या आधी नव्याने बांधून पाहा. पायथन २ मधली छोटी स्क्रिप्ट असेल, तर ती जुन्या पायथनसाठी अडून न बसता पायथन ३ मध्ये आणा. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला आहे. एखादी लायब्ररी स्वतंत्र फाइल म्हणून मिळाली असेल, तर ती प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवा आणि एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारी खूण) फक्त तो प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये द्या, सगळ्या संगणकासाठी नको. ती फाइलही डेबियन किंवा उबुंटूच्या जुन्या संग्रहातूनच घ्या, अनोळखी साइटवरून नाही. आणि प्रोग्रॅम इंटरनेटवर पैशांचे किंवा पासवर्डचे व्यवहार करत असेल, इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपन-एसएसएल लायब्ररीची जुनी आवृत्ती मागत असेल, तर त्याला खोली बांधून देऊ नका. ओपन-एसएसएल १.१.१ चा मोफत आधार सप्टेंबर २०२३ मध्ये थांबला. तिथे प्रोग्रॅमच बदलायचा.

ताई, मे महिन्याची मोजणी तोंडावर असेल. या वेळची पातळी सध्या फक्त कागदी वहीत लिहा. जुन्या संगणकावर भरू नका आणि नव्या पेटीतही इतक्यात नको. दोन ठिकाणी अर्ध्या अर्ध्या नोंदी झाल्या की कुठली पुरी हे नंतर शोधावं लागतं. छापील अहवालांशी आकडे जुळले की मग वहीतून भरा. आणि ‘फाइल’ आज्ञेने नोंदींबद्दल काय उत्तर दिलं, ते मला जसंच्या तसं लिहून पाठवा. पुढचं त्यावरून सांगतो.